पहिल्या वर्षाचा उंबरठा

१९७० सालचा मे महिना. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याची राजधानी असलेल्या कोलंबिया शहरात, तेथील राज्य विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत विद्यार्थ्यांचा जमाव शिरला. व्हिएतनामच्या युद्धाची झळ त्या सुमारास कंबोडियापर्यंत पोहोचली होती. ४ मे रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात राष्ट्रीय रक्षक दलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले होते आणि देशभरातील विद्यापीठांची आवारे धुमसत होती. कोलंबियातही जवान आले, अश्रुधूर सोडण्यात आला. विद्यापीठाचे अध्यक्ष थॉमस जोन्स यांनी हा प्रक्षोभ फार जवळून अनुभवला.

जोन्स हे मूळचे विद्युत अभियांत्रिकीचे अध्यापक. १९६२ पासून ते अध्यक्षपदी होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६३ मध्ये, या विद्यापीठाचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी पुन्हा उघडले होते. विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढत होती आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी विद्यापीठाची पायरी चढले नव्हते, अशी मुलेही वर्गात येऊ लागली होती. दंगल शमल्यावर एखाद्या प्रशासकाने पहारा वाढवला असता आणि पुढाऱ्यांना काढून टाकून प्रकरण मिटवले असते. जोन्स यांना मात्र एका प्रश्नाने अस्वस्थ केले. ही मुले ज्या संस्थेत शिकायला आली, त्या संस्थेविषयी त्यांच्या मनात एवढा परकेपणा का असावा? त्यांनी प्राध्यापकांशी दीर्घ विचारविनिमय केला आणि त्यातून १९७२ मध्ये एक नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे नाव ‘युनिव्हर्सिटी १०१’.

अमेरिकेत एखाद्या विषयाच्या पहिल्या, पायाभूत अभ्यासक्रमाला १०१ हा क्रमांक देण्याची रीत आहे. इतिहास १०१, रसायनशास्त्र १०१, तसेच हे विद्यापीठ १०१. येथे विद्यापीठ हाच शिकण्याचा विषय होता. विद्यार्थी, शिक्षक आणि संस्था यांच्यात विश्वासाचा धागा जुळावा, हा त्यामागचा हेतू. ज्या जागेविषयी माणसाला आपुलकी वाटते, त्या जागेवर तो दगड उचलत नाही, एवढी साधी श्रद्धा त्यात होती. पन्नासहून अधिक वर्षे उलटली, तरी तो अभ्यासक्रम आजही चालू आहे.

ही कल्पना अगदीच नवी होती असे नाही. ओरेगॉन राज्यातील रीड महाविद्यालयाने १९११ मध्येच महाविद्यालयीन जीवनाची ओळख करून देणारा आणि श्रेयांक असलेला अभ्यासक्रम चालवला होता. पुढे अनेक संस्थांनी त्याचे अनुकरण केले. परंतु ‘हे काही शास्त्र नव्हे, यासाठी गुण कशाला?’ असा आक्षेप प्राध्यापकांकडूनच येत राहिला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे बहुतेक वर्ग बंद पडले. कोलंबियाच्या प्रयोगाने त्यांना नवे आयुष्य दिले.

अलिखित नियमांचे जग

शाळेत मुलाचा दिवस इतरांनी आखलेला असतो. घंटा वाजते, तास बदलतो, वही तपासली जाते, दोन दिवस गैरहजर राहिल्यास घरी निरोप जातो. महाविद्यालयात पाऊल ठेवताच ही सारी चौकट विरते. दिवसाला चार तास वर्ग आणि उरलेला वेळ मोकळा. परीक्षा सत्राच्या अखेरीस. तोपर्यंत अभ्यास झाला की नाही, हे कोणी विचारत नाही. ज्या शिस्तीच्या बळावर मुलाने दहावी-बारावीत उत्तम गुण मिळवले, ती शिस्त त्याची स्वतःची होती की आई-वडिलांची, याची परीक्षा प्रथमच सुरू होते.

शिवाय प्रत्येक विद्यापीठात काही नियम असे असतात, जे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसतात. शिक्षणशास्त्रज्ञ त्याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. सत्राच्या प्रारंभी मिळणारी विषयपत्रिका कशी वाचावी, कोणत्या चाचणीला किती महत्त्व आहे हे कसे ओळखावे, व्याख्यान चालू असताना काय टिपावे आणि काय सोडून द्यावे, शंका वर्गात विचारावी की नंतर भेटून विचारावी, या साऱ्या गोष्टी कोणी शिकवत नाही आणि त्या येत असतील असे मात्र सर्वांनी गृहीत धरलेले असते. अमेरिकेत प्राध्यापकांच्या दारावर ‘कार्यालयीन वेळ’ लिहिलेली असते. ती वेळ विद्यार्थ्यांनी येऊन बोलावे म्हणून राखून ठेवलेली असते. पण नवखा विद्यार्थी ती पाटी वाचून समजतो, की या वेळेत सर आपल्या कामात गढलेले असणार, तेव्हा त्यांना त्रास देऊ नये. एका पाटीच्या दोन अर्थांमध्ये एखाद्याचे पूर्ण वर्ष हरवू शकते.

ज्या घरात आई-वडील, काका, आत्या पदवीधर आहेत, तेथे हे नियम जेवणाच्या पंगतीत कानावर पडतात. ज्या घरातील मूल पहिल्यांदाच विद्यापीठात जाते, तेथे ते सांगणारे कोणी नसते. असे मूल अडखळले, की त्याला वाटते, कमी आपल्याच बुद्धीत आहे. बाकी सर्वांना जमते आणि आपल्यालाच जमत नाही, हा समज ते कोणाजवळ बोलून दाखवत नाही. एखाद्या दिवशी ते वर्गात येणे थांबवते. कागदावर त्याची नोंद ‘अभ्यासक्रम सोडला’ एवढीच होते.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांचे नाव अग्रगण्य आहे. १९७५ मध्ये मांडलेल्या आणि नंतर विस्तारलेल्या आपल्या सिद्धांतात त्यांनी दाखवले, की विद्यार्थी शिक्षण अर्ध्यावर सोडतो, त्यामागे केवळ बुद्धीची किंवा पैशाची अडचण नसते. तो संस्थेच्या बौद्धिक जीवनात आणि तेथील माणसांमध्ये किती मिसळला, यावर फार काही अवलंबून असते. एखादा मित्र, एखादे शिक्षक, एखादी जागा आपली वाटली, तर तो टिकतो. या दृष्टीने पाहिले, तर पहिल्या वर्षाचे पहिले काही आठवडे फार मोलाचे ठरतात. त्या काळात जो एकटा पडतो, तो हळूहळू दाराकडे सरकत जातो.

वर्गात घडते काय?

‘युनिव्हर्सिटी १०१’च्या घडणीत जॉन गार्डनर या अध्यापकाचा वाटा मोठा. वायुदलातील सेवेच्या निमित्ताने ते दक्षिण कॅरोलायनात आले आणि तेथील विद्यापीठात शिकवू लागले. १९७४ मध्ये या अभ्यासक्रमाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि पुढील पंचवीस वर्षे ती त्यांच्याकडेच राहिली. या कामावर त्यांचा जीव जडण्याचे एक कारण त्यांच्या स्वतःच्या पूर्वायुष्यात होते. ओहायोतील मॅरिएटा महाविद्यालयात शिकताना पहिल्याच वर्षी त्यांची प्रगती इतकी खालावली होती, की त्यांना शैक्षणिक ताकीद मिळाली होती. पहिल्या वर्षी अडखळणे म्हणजे काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

या अभ्यासक्रमाची रचना समजून घेण्यासारखी आहे. तो एक पूर्ण सत्र चालतो आणि त्याला इतर विषयांप्रमाणेच श्रेयांक असतात. शेकडो विद्यार्थ्यांना एका सभागृहात बसवून भाषणे ऐकवली जात नाहीत. वीस-पंचवीस जणांचा एक वर्ग असतो, त्यामुळे शिक्षकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक असते आणि एखादा सलग दोन वेळा आला नाही, तर ते लक्षात येते. शिकवणारे निरनिराळ्या विभागांतून येतात. कोणी इतिहासाचे प्राध्यापक, कोणी ग्रंथपाल, कोणी प्रशासकीय अधिकारी. मात्र वर्ग हाती घेण्यापूर्वी त्यांना प्रशिक्षण घ्यावे लागते. जोन्स यांचा मूळ विचारच असा होता, की विद्यार्थ्यांना बदलायचे असेल तर आधी शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडे पाहण्याची आपली रीत बदलावी. पुढे या वर्गांना वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याची जोड देण्यात आली. दोन वर्षांपूर्वी त्याच बाकावर बसून घाबरलेला हा दादा किंवा ही ताई नवख्यांना जे सांगू शकते, ते प्राध्यापकाला सांगता येत नाही.

विषयांची यादी साधी आहे. आठवड्याचे वेळापत्रक स्वतः आखणे, ग्रंथालयात संदर्भ शोधणे, दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देऊ नये हा प्रामाणिकपणा, पैशाचा हिशेब, झोप आणि आहार, निराळ्या वंशाच्या व विचारांच्या सहाध्यायांशी वागणे, मन खचल्यास समुपदेशकाकडे कसे जावे. यांतील एकही गोष्ट विद्वत्तेची नाही. पण सत्राच्या मध्यावर, पहिल्या चाचणीचे गुण हाती पडलेले असताना आणि घरची आठवण अनावर झालेली असताना, त्या वीस जणांच्या वर्तुळात बसून ‘मलाही कमी गुण मिळाले’ असे कोणीतरी मोठ्याने म्हणते, तेव्हा त्या खोलीतील हवा बदलते. अपयश हे खासगी गुपित राहत नाही, ते सोडवण्यासारखे गणित होते.

याचा उपयोग झाला का, हा प्रश्न विद्यापीठाने स्वतःलाच प्रारंभापासून विचारला. हा वर्ग केलेले विद्यार्थी आणि न केलेले विद्यार्थी यांच्यापैकी दुसऱ्या वर्षासाठी किती जण परत येतात, याची तुलना वर्षानुवर्षे करण्यात आली. वर्ग केलेल्यांमध्ये परतणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात, हा वर्ग अनेकांसाठी ऐच्छिक असल्याने जे स्वतःहून नाव नोंदवतात, ते मुळातच अधिक उत्सुक असतात की काय, हा आक्षेप रास्त आहे आणि संशोधक त्यावर आजही वाद घालतात. तरीही एवढ्या पुराव्याने अमेरिकेतील असंख्य महाविद्यालयांना पटले, की पहिले वर्ष दैवावर सोडण्यासारखे नाही. गार्डनर यांनी या विषयावर राष्ट्रीय परिषदा भरवल्या, कोलंबियात संशोधनाचे केंद्र उभे राहिले आणि ‘पहिल्या वर्षाचा अनुभव’ हा उच्च शिक्षणातील एक स्वतंत्र अभ्यासविषय बनला.

पुढे काय करायचे?

नव्या जागेत रुळणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग घरोघरी रोज विचारला जातो. पुढे काय करणार?

या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रँक पार्सन्स यांनी केला. १९०८ मध्ये बोस्टन येथे त्यांनी तरुणांना व्यवसाय निवडीत मार्गदर्शन करणारे केंद्र सुरू केले. त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यांचे सूत्र तीन पायऱ्यांचे होते. प्रथम स्वतःला नीट ओळखावे. नंतर निरनिराळ्या व्यवसायांची मागणी आणि वास्तव जाणून घ्यावे. शेवटी या दोहोंचा विवेकाने मेळ घालावा. शंभरहून अधिक वर्षांनंतरही करिअर मार्गदर्शनाचे बहुतेक वर्ग याच पायावर उभे आहेत.

फ्लोरिडा राज्य विद्यापीठात करिअर विकासाचा श्रेयांक असलेला अभ्यासक्रम १९७० च्या दशकापासून चालतो. तेथील अध्यापकांनी पार्सन्स यांच्या सूत्रात महत्त्वाची भर घातली. त्यांच्या मते निर्णय घेणे हेच एक कौशल्य आहे आणि ते शिकवता येते. आपल्यापुढील प्रश्न नेमका कोणता हे ओळखणे, स्वतःविषयी व पर्यायांविषयी माहिती मिळवणे, पर्यायांची यादी आधी वाढवणे व मग आटोपती करणे, आपल्या मूल्यांच्या आणि कुटुंबाच्या दृष्टीने त्यांचा क्रम लावणे, आणि मग पाऊल उचलणे, अशा पाच टप्प्यांचे चक्र ते शिकवतात. चक्र म्हणण्याचे कारण असे, की पाऊल उचलल्यावर माणूस पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतो आणि प्रश्न सुटला का हे पाहतो. निर्णय चुकला, तर ते आयुष्याचे अपयश ठरत नाही. चक्राची आणखी एक फेरी सुरू होते. आपल्या मनात चालणाऱ्या विचारांकडेही त्या विद्यार्थ्यांनी पाहायला शिकावे, अशी अपेक्षा असते. ‘मला हे कधीच जमणार नाही’ असे वाक्य मनात घर करून बसले असेल, तर माहितीचा डोंगर समोर ठेवूनही निर्णय होत नाही.

अशा वर्गांतील एक स्वाध्याय विशेष उल्लेखनीय आहे. ज्या व्यवसायाविषयी ओढ वाटते, त्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीला भेटून मुलाखत घ्यायची. नोकरी मागायची नाही, फक्त विचारायचे. तुमचा दिवस कसा जातो? कामातील कोणता भाग कंटाळवाणा आहे? पुन्हा संधी मिळाली तर हेच निवडाल का? वकिलीच्या झगमगाटाने भारावलेला मुलगा वकिलांच्या कार्यालयात दोन तास बसून येतो, तेव्हा त्याला कळते, की या पेशाचा मोठा भाग कागदपत्रे वाचण्यात जातो. ते त्याला आवडले, तर त्याची निवड अधिक पक्की होते. नाही आवडले, तर तीन वर्षे वाचतात.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात बिल बर्नेट आणि डेव्ह इव्हान्स यांनी याच दिशेने आणखी एक प्रयोग केला. वस्तूंचे आरेखन करताना अभिकल्पक जसे अनेक कच्चे नमुने बनवून पाहतो, तसे आयुष्याचेही नमुने करून पाहावेत, असे ते शिकवतात. २०१६ मध्ये त्यांचा हा विचार ग्रंथरूपाने आला आणि जगभर वाचला गेला. त्यांच्या वर्गात विद्यार्थ्याने पुढील पाच वर्षांचे तीन निरनिराळे आराखडे काढायचे असतात. पहिला, आज मनात असलेला. दुसरा, तो मार्ग अचानक बंद झाला तर काय कराल, याचा. तिसरा, पैशाची आणि लोकांच्या बोलण्याची चिंता नसती तर काय केले असते, याचा. तीन आराखडे समोर ठेवले, की मुलाला प्रथमच जाणवते, की आपल्यात एकाहून अधिक चांगली आयुष्ये दडलेली आहेत. एका परीक्षेने एक दार बंद झाले म्हणजे सर्व संपले, ही भीती तेथे सैल होते.

भारतातील आणि महाराष्ट्रातील चित्र

अमेरिकेतील विद्यार्थ्याला मुख्य विषय ठरवण्यासाठी बहुधा वर्ष-दोन वर्षांची मुभा असते. भारतात जेईई, नीट किंवा सीईटीचा निकाल लागतो आणि अठराव्या वर्षी शाखा ठरून जाते. स्थापत्य अभियंता दिवसभर काय करतो, हे प्रवेशानंतर कळते. त्यामुळे पहिल्या वर्षी हाताला धरून चालवणाऱ्या वर्गाची गरज येथे अधिकच तीव्र आहे.

याची जाणीव भारतीय संस्थांना झालेली नाही, असे नव्हे. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २००५ पासून मानवी मूल्यांचा वर्ग सुरू झाला. गांधीनगरच्या आयआयटीने २०११ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभरणी कार्यक्रम आखला. त्यात पाठ्यपुस्तके बाजूला ठेवून कला, खेळ, समाजकार्य, सर्जनशीलता आणि नीतिविचार यांना स्थान देण्यात आले. प्रवेश परीक्षांच्या दीर्घ शर्यतीने थकलेल्या मुलांना पुन्हा माणूस म्हणून मोकळे करावे, अशी त्यामागची दृष्टी. या अनुभवांच्या आधारे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांच्या प्रवेशोत्तर कार्यक्रमाचा आराखडा तयार केला. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ या सुंदर नावाने सर्वच उच्च शिक्षणसंस्थांसाठी अशी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांचे लहान गट, प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक अध्यापक, वरिष्ठ विद्यार्थ्यांचे साहाय्य, या गोष्टी त्यात आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांची रचनाही बदलली आहे. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, दुसऱ्या विद्याशाखेतील मुक्त निवडीचा विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक मिळतात. वाणिज्य शाखेची मुलगी मानसशास्त्राची चव घेऊ शकते. विज्ञानाचा मुलगा एखाद्या उद्योगात काही आठवडे काम करून पाहू शकतो. म्हणजे शोध घेण्याची साधने हाती आली आहेत. ती कशी वापरावीत, हे मात्र कोणीतरी बसून समजावून सांगावे लागते. अन्यथा मुक्त निवडीचा विषय ‘ज्यात सहज गुण मिळतात तो’ एवढ्याच निकषावर निवडला जातो.

कागदावरील आराखडा आणि वर्गातील वास्तव यांत अंतर पडते, ते येथेच. अनेक ठिकाणी तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात. दीपप्रज्वलन, स्वागताची भाषणे, शिस्तीच्या सूचना, ग्रंथालयातून एक फेरी, आणि कार्यक्रमाची छायाचित्रे अहवालाला जोडली जातात. मार्गदर्शक अध्यापकाकडे सोपवलेली मुले एवढी असतात, की त्यांची नावे लक्षात राहणे अशक्य. कोलंबियाच्या अनुभवातून घेण्यासारखा धडा हाच आहे. उद्घाटनाने मूल रुळत नाही. एकाच माणसाने, त्याच वीस-पंचवीस मुलांना, आठवड्यामागून आठवडे भेटत राहावे लागते. त्यासाठी वेळापत्रकात तास हवा, श्रेयांक हवेत आणि शिकवणाऱ्याला प्रशिक्षण हवे.

महाराष्ट्रात या विचाराची एक जुनी, देशी परंपराही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातील मुलगा शहरात आला, तर राहण्या-जेवण्याची सोय आणि वडीलधाऱ्यांचे लक्ष असल्याशिवाय तो शाळेत टिकणार नाही, हे त्या राजाने ओळखले होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहालाच शिक्षणाचा कणा बनवले. मुंबईत १९१५ मध्ये स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयानेही परगावच्या विद्यार्थ्यांना निवाऱ्याबरोबर घरपण दिले. वसतिगृहाचे रेक्टर, स्वयंपाकघरातील मावशी, खोलीतला वरच्या वर्गातला मित्र हे त्या काळचे ‘युनिव्हर्सिटी १०१’ होते. आज पुण्यात कॉट बेसिसवर चार अनोळखी मुलांसोबत राहणाऱ्या आणि डब्यावर जेवणाऱ्या विद्यार्थ्याला ते छत्र सहजासहजी लाभत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण आणखी एका पदराची आहे. विषय त्यांना समजतो. इंग्रजीतील व्याख्यानाचा वेग समजत नाही. बारावीला नव्वद टक्के मिळवलेली मुलगी पहिल्या सत्रात दोन विषयांत एटीकेटी घेऊन येते, तेव्हा घराला वाटते, शहरात जाऊन मुलगी बिघडली. प्रत्यक्षात ती रोज रात्री शब्दकोश उघडून एका पानाशी झगडत असते आणि घरी फोनवर ‘सगळे छान चालले आहे’ असे सांगत असते.

घराच्या हाती असलेले

विद्यापीठांनी असे वर्ग नेटाने चालवावेत, ही मागणी पालकांनी जरूर करावी. प्रवेश घेताना शुल्क आणि नोकऱ्यांचे आकडे विचारले जातात, तसेच ‘पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मार्गदर्शक अध्यापक आहेत का, एकाकडे किती मुले असतात, समुपदेशक कोठे बसतात’ हेही विचारले जावे. पण तोवर काही गोष्टी घरालाही करता येतात.

आठवड्याच्या फोनवर पहिला प्रश्न गुणांचा नसावा. जेवण कोणाबरोबर होते, कोणत्या सरांशी किंवा मॅडमशी बोलणे झाले, या आठवड्यात काय अवघड गेले, असे विचारल्यास मूल खरे बोलू लागते. उत्तरात एकही नाव येत नसेल, तर मूल एकटे पडले आहे, हे ओळखावे. झोप उडणे, जेवण टाळणे, वर्ग चुकवणे, सुट्टीतही घरी न येणे, ही लक्षणे आळसाची समजून रागावण्यापेक्षा जवळ बसून ऐकून घ्यावे. गरज वाटल्यास महाविद्यालयातील समुपदेशकाची किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस या १४४१६ क्रमांकावरील मोफत सेवेची मदत घेण्यात कमीपणा नाही. पहिल्या सत्रातील एटीकेटी हा निवाडा नसतो, सूचना असते, हे मुलाला घरातून ऐकायला मिळाले, तर त्याचे अर्धे ओझे उतरते.

दुसरी गोष्ट मुलाखतीची. ती करून पाहण्यासाठी विद्यापीठाची परवानगी लागत नाही. कोणत्याही मोठ्या कुटुंबात आणि समाजात सनदी लेखापाल, डॉक्टर, कापडाचे व्यापारी, शिक्षक, शेतकरी, संगणक अभियंते, परिचारिका असतात. लग्नकार्यात ते भेटतात, तेव्हा ‘आता कितवीला आहेस?’ एवढाच संवाद होतो. त्याऐवजी एखाद्या मामाने भाच्याला दोन दिवस आपल्या कार्यालयात किंवा पेढीवर बसू द्यावे, त्याच्या प्रश्नांना सरळ उत्तरे द्यावीत, धंद्यातील नुकसानीची आणि पश्चात्तापाचीही गोष्ट सांगावी. भाचा त्याच वाटेने जाईल की नाही, याची अट नसावी. शहरात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी परगावहून शिकायला आलेल्या एका तरी विद्यार्थ्याला महिन्यातून एका रविवारी जेवायला बोलावले, तर त्या मुलाला शहरात आपले म्हणावे असे एक दार मिळेल.

थॉमस जोन्स यांच्यापुढे संतापलेली मुले उभी होती, म्हणून त्यांना प्रश्न ऐकू आला. बहुतेक मुले संतापत नाहीत. ती गप्प बसतात, मागच्या बाकावर सरकतात आणि एका सकाळी सामान बांधून घरी परततात. त्यांना परत येण्याआधी ऐकू यावे म्हणून कोणीतरी त्यांचे नाव घेऊन विचारायला हवे, ‘बाळा, रुळलास का?’ विद्यापीठाने तो प्रश्न अभ्यासक्रमात घालावा. घराने तो या आठवड्याच्याच फोनवर विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.